नऊ वर्षांची राणी, चोपड्याचा उन्हाळा आणि शाकाहारी स्वयंपाकघर

वाचकाचं पत्र:

आम्ही चोपड्याला राहतो. मी एकसष्ट वर्षांची, यजमान बँकेतून निवृत्त, मुलगा-सून पुण्याला. भुसावळच्या काही प्राणिमित्र मुलांकडे राणी नावाची गावठी कुत्री आहे. जिथे ती वाढली त्या कुटुंबाची बदली झाली आणि ते तिला कॉलनीतच सोडून गेले. वय नऊ-दहा असावं, वजन वीस किलोच्या आसपास, एका कानाचं टोक कापलेलं. मागचा डावा पाय आखडत चालते, डोळे निळसर दिसतात, तोंडाला वास येतो, पाणी खूप पिते, अंगावर गोचीड आहेत. मुलं म्हणतात, वय झालंय, एवढं चालायचंच. शेजारीण म्हणते, "धल्लं कुत्रं लईसन काय करशी वो माय?" (म्हातारं कुत्रं घेऊन काय करशील गं बाई?) आम्हाला मात्र ती आवडली आहे. घरात अंडं-मटण शिजत नाही, मग खायला काय द्यायचं? मे महिन्यात ती टिकेल का? सुटीत चार आणि सात वर्षांची नातवंडं येतात, त्यांचं काय? घराचा पुढचा भाग स्लॅबचा, टाइल्स बसवलेला आहे. मागच्या खोल्या जुन्या दगड-मातीच्या आहेत. होळीनंतर आणावी असं मनात आहे.
– एक वाचक, चोपडा

उत्तर:

ताई, राणीला आणा. पण होळीनंतर नको, होळीच्या आधी आणा, आणि निघण्यापूर्वी भुसावळलाच तिच्या रक्ता-लघवीची तपासणी करून घ्या. आत्ता फेब्रुवारीत आणलीत तर ऊन तापायच्या आत तिला घर, माणसं, दाराबाहेरचा रस्ता ओळखीचे होतील. एप्रिलच्या शेवटी पारा पंचेचाळिशीकडे निघालेला असताना आणलीत तर परकेपणा आणि उन्हाळा दोन्ही एकदम सोसावं लागेल, आणि वय झालेल्या कुत्र्याला ते जड जातं.

मुलांनी तिला सांभाळलं, त्यांचं कौतुकच आहे. पण "वय झालंय" हे कुठल्याही दुखण्याचं निदान होऊ शकत नाही. तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक लक्षणामागे तीन-चार कारणं असू शकतात आणि त्यातली बरीच औषधाने बरी होणारी किंवा आटोक्यात राहणारी असतात. म्हातारी कुत्री अनेकदा या एका वाक्यापायीच औषधावाचून राहतात.

सगळ्यात आधी पाणी, कारण तुमच्या पत्रातली तीच ओळ आम्हाला खटकली. निरोगी कुत्रं दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पाणी पितं. वीस किलोच्या राणीला लिटर-सव्वा लिटर पुरतं. कोरडं खाद्य असेल किंवा ऊन असेल तर थोडं वाढतं. पण रोज किलोमागे १०० मिलीच्या वर, म्हणजे दोन लिटरहून जास्त जात असेल तर कारण शोधावंच लागतं: मूत्रपिंड, मधुमेह, यकृत, काही ग्रंथींचे विकार, आणि नसबंदी न झालेल्या मादीत गर्भाशयात झालेला पू. मुलांना सांगा, सकाळी मोजून तीन लिटर पाणी ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा, असं सलग तीन दिवस करा. दुसरं कुत्रं त्याच भांड्यात तोंड घालत असेल तर त्या मोजणीला अर्थ नाही.

लघवी घ्यायची ती सकाळची पहिली. लांब दांड्याची पळी किंवा चपटी ताटली धुऊन कोरडी करायची आणि राणी बसली की मागून हळूच खाली सरकवायची. दोन चमचे पुरतात. स्वच्छ बाटलीतून दोन तासांत लॅबला पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. हा खटाटोप अशासाठी की रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश क्षमता गेलेली असते. लघवी पातळ व्हायला लागणं त्याआधी कळतं. लघवीची विशिष्ट घनता (पाण्याच्या तुलनेत ती किती दाट आहे ते) दोन-तीनदा तपासूनही १.०३० च्या खाली राहिली, किंवा लघवीत प्रथिनं सापडली, तर क्रिएटिनिन ठीक दिसलं तरी डॉक्टर पुढचा शोध घेतील. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: घरात लघवी करते म्हणून तिचं पाणी कधीही तोडू नका. मूत्रपिंड कमजोर असलेलं कुत्रं पाण्यावाचून दोन दिवसांत अंथरूण धरतं.

कापलेलं कानाचं टोक ही सहसा नसबंदी आणि रेबीजची लस झाल्याची खूण असते. तरी डॉक्टरांना पोटावरचा टाक्यांचा व्रण बघायला सांगा. कान भांडणातही फाटतो. नसबंदी झालेली नसेल तर माज येऊन गेल्यावर पुढच्या दीड-दोन महिन्यांत सुस्ती, खूप तहान, मागून घाण स्राव यांवर डोळा ठेवा. ते गर्भाशयातल्या पुवाचं लक्षण असतं आणि ऑपरेशन त्याच दिवशी लागतं. लघवीच्या जागेतून अधूनमधून रक्ताचे थेंब पडत असतील तर मोकाट कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारी कर्करोगाची एक गाठ असते, तिचा संशय घ्यायचा. नाव ऐकून घाबरायला होतं, पण आठवड्याला एक अशी व्हिन्क्रिस्टिनची चार ते सहा इंजेक्शनं घेतली की ती बहुतेक वेळा पूर्ण जाते.

रक्त सकाळी उपाशीपोटी द्यायचं, पाणी चालतं. पूर्ण रक्तगणना, प्लेटलेट, क्रिएटिनिन, युरिया, यकृताची एन्झाइम्स, साखर एवढं पहिल्या फेरीत हवंच. तालुक्याच्या गावी बहुतेक वेळा माणसांच्या लॅबमध्येच रक्त जातं. तिथलं मशीन कुत्र्यांसाठी लावलेलं नसेल तर प्लेटलेटचा आकडा चुकतो, म्हणून रक्ताची काचपट्टी पशुवैद्यांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघावी असा आग्रह धरा. गोचीड आहेत म्हटल्यावर तर नक्कीच. गोचीड-ताप, म्हणजे एर्लिकिया किंवा बॅबेसिया, महिनोन्‌महिने दबून राहतो. कुत्रं नुसतं मंद दिसतं, हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं, कधी सांधे सुजून लंगडतं. म्हणजे तुमच्या पत्रातला आखडता पायसुद्धा गोचिडांच्या खात्यावर निघू शकतो!

एर्लिकिया निघालाच तर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक किलोमागे १० मिग्रॅ या हिशेबाने साधारण २८ दिवस चालतं. चार दिवसांत कुत्रं उड्या मारायला लागतं आणि लोक गोळ्या थांबवतात. आजार उलटतो तो तिथेच. गोळी जेवणासोबत द्या, रिकाम्या पोटी उलटी होते. तुमच्या घरात गोळी पनीरच्या तुकड्यात दडवायचा मोह होईल, पण ही गोळी दूध-दही-पनीरमधून देऊ नका. कॅल्शियममुळे औषध नीट शोषलं जात नाही. खिचडीच्या गोळ्यातून द्या आणि वर दोन घोट पाणी पाजा, म्हणजे ती अन्ननलिकेत अडकत नाही.

गोचीड काढण्यासाठी बारीक चिमटा घ्या, कातडीलगत धरा, सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. बोटांनी चिरडू नका, रॉकेल लावू नका. मग वजनानुसार गोचीड मारणारी गोळी: अफॉक्सोलेनरचा परिणाम महिनाभर टिकतो, फ्लुरालेनरचा सुमारे १२ आठवडे. फिट येण्याचा इतिहास असेल तर ते गोळी देण्याआधी डॉक्टरांना सांगायचं. पण निम्मी लढाई भिंतीत आहे. गोचिडाची मादी पोट भरलं की कुत्र्यावरून उतरते आणि भेगांमध्ये हजारो अंडी घालते. तुमच्या मागच्या दगड-मातीच्या खोल्या तिच्या आवडीच्या. त्या भेगा बुजवा, चुना लावा, कोनाडे, बाजेचे सांधे आणि चौकटी झाडून काढा, आणि घरात चालणारं कीटकनाशक पशुवैद्यांना विचारून दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन-तीनदा मारा. वाळेपर्यंत राणी बाहेर.

इथे खान्देशात एक प्रकार सर्रास चालतो, म्हणून स्पष्टच लिहितो: कपाशीवर मारायचं औषध पाण्यात कालवून कुत्र्याच्या अंगाला लावणं. असं कधी करू नका, कुणाला करू देऊ नका. ते कातडीतून आणि चाटण्यातून आत जातं. लाळ गळते, अंग थरथरतं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात आणि श्वास अडकतो. चुकून झालंच तर हातमोजे घालून साबणाच्या भरपूर पाण्याने धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा. बाटलीवरचं नाव कळलं तर डॉक्टरांना अॅट्रोपिन हा उतारा लागणार की नाही ते लगेच ठरवता येतं. गुरांच्या जंत-गोचिडांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजाने टोचणं हाही त्याच माळेतला मणी.

पायाकडे येऊ. ती वीस मिनिटं झोपून उठली की पहिली आठ-दहा पावलं बघा. सुरुवातीला आखडते आणि मग मोकळी होते, तर संधिवाताची शक्यता जास्त. चालता चालता वाढत जातं, किंवा पाय टेकवतच नाही, तर गुडघ्याचा तुटलेला अस्थिबंध, पूर्वी मोडलेलं हाड, क्वचित हाडाची गाठ. एक्स-रे काढल्याशिवाय यातलं काही ठरत नाही. त्याआधी नखं बघा. घरात बसून राहिलेल्या कुत्र्याची नखं वळून पंजात रुततात आणि महिनाभर लंगडण्याचं कारण तेवढंच निघतं.

वेदनाशामक डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. सहसा मेलोक्सिकॅम देतात: पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिग्रॅ, पुढे ०.१. म्हणजे राणीला पहिल्या दिवशी ४ आणि नंतर रोज २ मिग्रॅ. माणसांची गोळी ७.५ किंवा १५ मिग्रॅची असते. घरातली अख्खी गोळी दिली तर डोस किती पट होतो ते तुम्हीच मोजा. क्रिएटिनिन बघितल्याशिवाय सुरू करायचं नाही, पोट रिकामं असताना द्यायचं नाही आणि स्टेरॉइडसोबत कधीच नाही. काळी, डांबरासारखी शी झाली की लगेच थांबवायचं. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक आहेत, आणि यात गुडघ्याला चोळायचं मलमही धरा. तुम्ही किंवा यजमान रात्री गुडघ्याला जेल लावून झोपत असाल तर तिला तो पाय चाटू देऊ नका. (जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक देशात २००६ मध्ये बंद झालं ते मेलेली गुरं खाऊन गिधाडं मरत होती म्हणून.)

गोळीइतकाच उपयोग घरातल्या बदलांचा होतो. टाइल्सवर मागचे पाय फाकतात आणि दुखरा सांधा आणखी दुखतो. तिच्या झोपण्यापासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत सतरंज्या किंवा ज्यूटची पोती टाका, खाली सरकू नयेत म्हणून रबरी जाळी. झोपायला तीन-चार इंच जाडीची कापसाची गादी, वर सुती खोळ. फोम उन्हाळ्यात तापतो. ओट्याच्या दोन पायऱ्या असतील तर फळीचा उतार करा आणि फळीवर पोतं ठोका. फिरणं दिवसातून तीनदा, दहा-पंधरा मिनिटंच. आठवडाभर घरात बसवून रविवारी तासभर हिंडवलं की सोमवारी ती उठणार नाही.

निळसर डोळ्यांची फार काळजी नको. वयानुसार भिंग घट्ट होतं, त्याची ती छटा. नजर थोडीच कमी होते. पांढरा, अपारदर्शक पडदा म्हणजे मोतीबिंदू, तो वेगळा. डोळा लाल, मिटलेला, पाणावलेला दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि घरात पडलेले स्टेरॉइडचे थेंब टाकू नका. बुबुळावर जखम असेल तर ती त्याने चिघळते.

तोंडाचा वास म्हणजे बहुधा दातांवरचा दगडासारखा थर आणि मुळाशी पू. प्रतिजैविकाने दहा दिवस वास जातो, मग परत येतो, कारण मूळ तिथेच असतं. भूल देऊन साफसफाई करावी लागते, हलणारे दात काढावे लागतात. "या वयात भूल नको" असं ऐकायला मिळेल. रक्ताचे रिपोर्ट बरे असतील, हृदय तपासलेलं असेल आणि भूल चालू असताना सलाइन लावलेलं असेल तर धोका आटोक्यात राहतो. तोंडातला पू मात्र रोज पोटात जात असतो. दात काढलेलं कुत्रं भिजवलेलं अन्न मजेत खातं. माणसांची टूथपेस्ट तिला लावायची नाही.

आता तुमचं स्वयंपाकघर. शाकाहारी घरात कुत्रं नीट राहू शकतं, पण वरण-भातावर नाही. नुसत्या वरण-भातावर वजन टिकतं आणि मांसल भाग झिजतो: मांड्या चपट्या होतात, पाठीचा कणा हाताला लागतो आणि लोक म्हणतात वय झालं. म्हाताऱ्या कुत्र्याला प्रथिनं कमी द्यावीत हा समजही जुनाच. मूत्रपिंडाचा आजार सिद्ध झालेला नसेल तर त्याला तरुण कुत्र्याइतकी, किंबहुना थोडी जास्तच लागतात. राणीची गरज दिवसाला सुमारे ८०० ते ९०० कॅलरी. सोपा मार्ग असा: प्रौढ कुत्र्यांसाठीचं संपूर्ण आणि संतुलित असं पाकिटावर लिहिलेलं कोरडं खाद्य १५० ग्रॅम (शाकाहारीही मिळतं), पातळ नसलेली मूगडाळीची बिनमिठाची खिचडी २०० ग्रॅम, आणि बिनमिठाचं पनीर ३० ते ४० ग्रॅम. याचे साधारण साडेआठशे होतात. दोन वेळा विभागून द्या. वजन काट्यावर करा. वाटीच्या अंदाजाने महिन्याला किलोभर वाढतं आणि ते तिच्या पायावर येतं. दात दुखत असतील तर कोरडं खाद्य कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा. भिजवलेलं अर्ध्या तासात उचलून टाका, आपल्याकडच्या उन्हात ते लगेच आंबतं.

सगळं घरचंच द्यायचं म्हणाल तर कॅल्शियम, जस्त, ब-१२ यांची भर घालावी लागते. दाणे कितीही टाका, त्याने भागत नाही. या वजनाच्या कुत्र्याला फक्त कॅल्शियमसाठी रोज साधारण अडीच ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लागतं. बाकीचं मिश्रण पशुवैद्यांकडून लिहून घ्या. दुधाने अनेक मोठ्या कुत्र्यांना जुलाब होतात, ताजं दही दोन चमचे बहुतेकांना पचतं. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीचा चतकोर चालेल. केळ्याच्या दोन-तीन चकत्या खाऊ म्हणून ठीक, आपल्याकडे त्यांची काय कमी! भरीत, शेवभाजी, फोडणीचं वरण, काळ्या मसाल्याचा रस्सा यातलं काही नाही: कांदा आणि लसूण, कच्चा असो वा शिजवलेला, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. द्राक्षं आणि मनुका तर एकही नको. पहिले दोन-तीन दिवस भुसावळला जे खात होती तेच द्या, मग आठवडाभरात हळूहळू बदला.

उन्हाळ्याबद्दल नीट वाचा. आपल्याकडे म्हातारं कुत्रं वयाने जातं त्याहून अनेकदा दुपारच्या एका चुकीने जातं. कुत्र्याला घाम जवळपास येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं. वय झालं की हृदय आणि स्वरयंत्र साथ देत नाहीत. तिचं भुंकणं घोगरं झालं असेल, श्वास घेताना खरखर येत असेल तर मार्चमध्येच डॉक्टरांना दाखवा. स्वरयंत्र नीट उघडत नसलेल्या कुत्र्याला ३० अंशांतही धोका असतो. फिरणं सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री आठनंतर. निघण्यापूर्वी हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवा, ठेववली नाही तर परत या. दुपारी तिची जागा खालच्या मजल्यावर. गच्ची, पत्र्याची शेड, बंद गाडी अजिबात नाही. तुमच्या मागच्या दगड-मातीच्या खोल्या इथे कामाला येतात. गोचिडांचा बंदोबस्त झाला की दुपारसाठी त्याहून चांगली जागा नाही. कूलर मे महिन्यात छान चालतो, पण जूनमध्ये ढग आले की हवेतच ओल असते आणि कूलरने फरक पडत नाही. तेव्हा अंग ओलं करून साधा पंखा बरा.

अस्वस्थ धापा, घट्ट चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, तोल जाणं, उलटी: हा उष्माघात. आधी थंड करा, मग दवाखान्याकडे निघा. पोट, काखा, जांघा, पंजे यांवर सतत पाणी ओता आणि पंखा लावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो दोन मिनिटांत गरम होऊन उष्णता आत कोंडतो. इथे एक गोची होते: मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी चटके देतं आणि लोक घाईत तेच ओततात. मार्चपासून मोरीत दोन बादल्या पाणी सावलीत भरून ठेवा. गुदद्वारात डिजिटल थर्मामीटर खोबरेल लावून दोन सेंटिमीटर सरकवून ताप बघा. कुत्र्याचा नेहमीचा ताप १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतो. १०५ म्हणजे जिवावरची वेळ. १०३ वर उतरला की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर तो खाली घसरत जातो. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आणि ती सावरून शेपूट हलवायला लागली तरी दवाखान्यात न्या. मूत्रपिंडाला आणि रक्त गोठण्याला झालेली इजा पुढच्या एक-दोन दिवसांत दिसते.

पहिल्या दिवशी आंघोळ नाही, पाहुणे नाहीत. एक कोपरा, पाणी आणि शांतता. चोवीस तास नीट खाल्लं नाही तर चालतं, अठ्ठेचाळीस झाले तर फोन करा. जुन्या घराच्या ओढीने नवं कुत्रं पळायला बघतं, म्हणून पहिले तीन आठवडे अंगणातसुद्धा पट्टा. गळपट्ट्यापेक्षा छातीपट्टा बरा. बिल्ल्यावर तुमचा फोन नंबर पहिल्याच दिवशी. साखळीने दिवसभर बांधून ठेवू नका, त्याने कुत्रं चावरं होतं. ताप नसेल आणि आठ-दहा दिवसांत रुळली असेल तर लसी: पूर्वीची नोंद नसेल तर रेबीज आणि बहुगुणी (एकाच वेळी अनेक आजारांवरची) लस, बहुगुणीचा दुसरा डोस तीन-चार आठवड्यांनी, पुढे दरवर्षी. जंताचं औषध शी तपासून.

नातवंडांसाठी नियम थोडे, पण कडक: ती खाताना किंवा झोपलेली असताना जवळ जायचं नाही, मिठी मारायची नाही, आणि चार वर्षांच्या बाळाला तिच्यासोबत एकटं सोडायचं नाही, दोन मिनिटंही नाही. म्हाताऱ्या कुत्र्याला ऐकू कमी येतं; दचकून उठताना ते चावतं, त्यात राग नसतो. उठवायचं असेल तर लांबून जमिनीवर टाच आपटा. गर्दी झाली की ती जाईल अशी एक खोली ठरवा, मुलांना तिथे मज्जाव. दात लागलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि सरकारी रुग्णालयात जायचं. राणीला लस झालेली आहे म्हणून हे टाळायचं नाही.

रात्री फेऱ्या मारणं, भिंतीकडे बघत राहणं, उगाच भुंकणं सुरू झालं तर आधी दुखणं आणि लघवीची तक्रार तपासून घ्या. ती नसेल तर मेंदूचं वार्धक्य असू शकतं. बारीक दिवा चालू ठेवणं, सामान न हलवणं, रात्री साडेदहाला शेवटची फेरी यांनी बराच फरक पडतो, औषधही मिळतं.

शेजारणीला सांगा, वीस किलोची गावठी कुत्री तेरा-चौदा वर्षं सहज काढते, म्हणजे पुढे चार-पाच वर्षं आहेत. जीव लागायला एवढा वेळ पुरतो. मात्र तुम्ही दोघं पुण्याला गेलात किंवा कुणी आजारी पडलं तर राणीला कोण बघणार, हे भुसावळच्या मुलांशी आधीच बोलून लिहून ठेवा. दात आणि एक्स-रेचा खर्च कोण किती उचलणार तेही याच बैठकीत ठरवा. पहिला महिना महागडा असतो, पुढे खाद्य आणि गोचिडाची गोळी एवढंच उरतं.

या कारणांसाठी रात्रीसुद्धा दार ठोठवायचं: पोट फुगून नुसते उलटीचे उमाळे येणं, हिरड्या एकाएकी पांढऱ्या पडणं, बारा तास लघवी न होणं, झोपेत मिनिटाला तीसहून जास्त श्वास. श्वास मोजायची सवय पहिल्या आठवड्यापासून लावा. छाती वर-खाली झाली की एक.

रिपोर्ट आले की क्रिएटिनिन आणि लघवीची घनता आम्हाला कळवा. पनीर तेवढंच ठेवायचं की कमी करायचं, ते त्या दोन आकड्यांवर ठरेल.